सँपलचा पट्टा

धाकटीचे हात जन्मापासून गरम. ताप नाही, कणकण नाही, पण तळवे आपले कायम ऊनऊन. लहानपणी थंडीच्या दिवसांत वर्गातल्या पोरी तिच्या शेजारी बसायला भांडायच्या. लग्न होऊन सासरी आली तेव्हा थोरल्या जावेने तिचा हात हातात घेतला, चटका लागल्यासारखा सोडला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हिच्या हातात लोणी देऊ नका गं कुणी, कढवून परत देईल." घरभर हशा पिकला. त्या दिवसापासून थोरलीने धाकटीबद्दल जे काही म्हटलं ते याच चालीवर म्हटलं.

देव प्रत्येकाच्या हातात काही ना काही ठेवून पाठवतो म्हणतात. कुणाच्या हाताला चव असते, कुणाच्या हाताला यश. धाकटीच्या हाताला नुसती ऊब. तिचा तिला स्वतःला कधी फायदा झाला नाही. झाला तो एका दुकानदाराला, तोही तिची पन्नाशी उलटल्यावर.

दोघी जावांचे नवरे पाठोपाठ गेले होते. थोरलीची मुलगी लांब दिली होती, धाकटीला मूलबाळ नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघीच उरल्या. थोरलीच्या सांध्यांनी संप पुकारल्यापासून बाहेरचं सगळं धाकटीवर आलं, म्हणून तिने एका दुकानात काम धरलं.

दुकान बसस्टॉपसमोर, औषधवाला आणि चष्मेवाला यांच्या मधोमध. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'शरीराची उष्णता शरीराला परत'. आत बनियन, मोजे, कमरेचे पट्टे, मानेचे पट्टे, उशीचे अभ्रे आणि गुडघ्याला चढवायच्या नी-कॅप. कापड दिसायला साधं, जरा राखाडी. त्याच्या धाग्यात कसल्याशा खनिजाची पूड असते, ती अंगाची उष्णता धरून ठेवते आणि किरणांच्या रूपाने परत सोडते, रक्त खेळतं राहतं, दुखणी पळतात, असं मालक सांगायचा. मालक दिसेल त्या गिऱ्हाइकाला आई नाहीतर बाबा करून टाकायचा. कामावरच्या बायका त्याला पाठीमागे साखरपेऱ्या म्हणायच्या. त्या बायकांनाही कुणी नावाने हाक मारत नसे. जिचं जे काउंटर तेच तिचं नाव. एक मानेची, एक कमरेची, आणि धाकटी गुडघ्याची.

"कमरेची आज आली नाही, गुडघ्याची, तूच बघ दोन्ही," असं मानेची ओरडली की नवीन गिऱ्हाईक दचकायचं.

गिऱ्हाइकाच्या हातात द्यायला एक पट्टा बाहेर काढून ठेवलेला असायचा, सँपलचा. सुरुवातीला तो मानेचीकडे होता. गिऱ्हाईक हातात घ्यायचं, चाचपायचं आणि म्हणायचं, "गरमबिरम काही लागत नाही हो." मग एका सकाळी गर्दीत तो धाकटीकडे आला. ती तो दोन्ही हातांत धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग एका बाईंपुढे केला. बाई केवढ्यांदा तरी "अगंबाई!" म्हणाल्या. त्यांनी यजमानांना बोलावलं, यजमानांनी मेहुण्याला. मालक गल्ल्यापाशी बसून हे बघत होता. तो जागचा उठला नाही, काही विचारलंही नाही. दुकान बंद करताना एवढंच म्हणाला, "मावशी, सँपल आता तुमच्याकडेच राहू दे."

ना तो खोटं बोलला ना ती. दोघांनाही कळलं होतं आणि दोघंही गप्प होते. कापडात काही नव्हतंच असंही धाकटीला म्हणवेना. थंडीत ते मोजे घातले की पायांना बरं वाटायचं. पण बरं कुठल्याही जाड मोज्याने वाटतं. ती रोज सकाळी बसमध्ये डोळे मिटून म्हणायची, 'देवा, मी फक्त हातात देते. पुढचं ज्याचं त्याने ठरवावं.' देव यावर काही बोलत नसे, आणि दिवसभर उभं राहून पाय असे भरून यायचे की संध्याकाळी याचा विचार करायला तिच्यात जीव उरत नसे.

कामाला लागून थोडे दिवस झाले तेव्हा तिने थोरलीसाठी एक नी-कॅप आणली. थोरलीचं दुखणं म्हाताऱ्या गुडघ्याचं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं होतं, हा सांध्यांचा आजार आहे, तो आतल्या आत पोखरतो, गोळ्या चालू राहिल्या तर आवरलेला राहील, बंद केल्या तर बोटं वाकडी होतील आणि गुडघा कायमचा आखडेल. त्या गोळ्यांनी थोरलीला मळमळायचं, तोंडाला कडवट चव यायची. ती त्यांना शिव्या घालत घ्यायची, पण घ्यायची.

"हे काय आणलंस? घोड्याचा पट्टा?" नी-कॅप बघून थोरली म्हणाली.

"घालून तर बघा, जाऊबाई."

घालायला थोरलीची बोटं चालत नव्हती. धाकटीने तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टा वर सरकवला, आणि दुकानात शिकवलं होतं तसं दोन्ही तळव्यांनी गुडघा थोडा वेळ दाबून धरला, पट्टा नीट बसावा म्हणून. थोरलीने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सोडू नकोस एवढ्यात."

मग ते रोजचंच झालं. धाकटी दमून यायची, पर्स खुंटीला लावायची, चहा टाकायची आणि चहा उकळेपर्यंत थोरलीचा पाय मांडीवर घेऊन बसायची. आणि ज्या तोंडातून तीस वर्षांत तिच्यासाठी धड शब्द निघाला नव्हता ते तोंड हळूहळू बदलायला लागलं. जिन्यात शेजारीण भेटली की थोरली थांबायची, पायरीवर काठी टेकायची आणि सांगायची, "माझ्या धाकट्या जावेने आणलाय हो हा पट्टा. तिच्या दुकानातला. तिला बरं कळतं त्यातलं." दाराआडून हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. चहा गार झाला तरी तिला भान नव्हतं.

एक दिवस फडताळ पुसताना गोळ्यांची पाकिटं हाताला लागली. भरलेली, जशीच्या तशी.

"जाऊबाई, ह्या गोळ्या?"

"बंद केल्या."

"कधी?"

"झाले की पुष्कळ दिवस. पट्ट्याने काम होतंय तर विष कशाला पोटात ढकलायचं?"

"अहो, पण डॉक्टरीणबाईंनी..."

"डॉक्टरीणबाई तुझ्या दुकानात आहेत का कामाला? नाहीत ना? मग त्यांना काय कळणार?" थोरली हसली. चेहरा उजळला होता तिचा. "आणि रविवारी मी येणार आहे तुमच्या दुकानात. तुझ्या मालकाचा फोन आला होता, शेजारणीने माझं सांगितलं म्हणे त्याला. किती गोड माणूस गं! म्हणाला, आई, तुमचा अनुभव चार लोकांना सांगा. मी हो म्हटलंय. सांगणार आहे सगळ्यांना, गोळ्या फेकल्या म्हणून."

धाकटी फडकं हातात घेऊन तिथेच खाली बसली.

थोरलीचा स्वभाव ज्यांना ठाऊक नाही त्यांना यात एवढं बसण्यासारखं काय होतं ते कळायचं नाही. ही बाई घरात शंभरदा शब्द फिरवील. सकाळी नको म्हटलेली भाजी दुपारी मागून घेईल. पण चारचौघांत एकदा बोलली की संपलं, जीव गेला तरी ती त्यातून मागे यायची नाही. एका लग्नात कुणीतरी चहात साखर किती विचारलं, तर ही तोऱ्यात म्हणाली, "मी साखर घेतच नाही." ती घेत होती, दोन चमचे घेत होती. पण दहा बायकांनी ऐकलं होतं. त्या दिवसापासून आजतागायत ती तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पिते. सख्ख्या भावाशी असाच एका बैठकीत अबोला जाहीर केला, तो भाऊ जाईपर्यंत निभावला, आणि तो गेल्यावर आतल्या खोलीत दार लावून रडली. आता रविवारी भरल्या दुकानात, हातात माइक घेऊन ती म्हणणार होती, मी गोळ्या फेकल्या. मग बोटं वाकडी झाली काय आणि गुडघा आखडला काय, पुन्हा एक गोळी तिच्या घशाखाली उतरणार नव्हती.

धाकटीने घरीच सांगून बघितलं. पाय मांडीवर होता, हात गुडघ्यावर.

"जाऊबाई, एक सांगू? ही ऊब पट्ट्याची नाही. माझ्या हातांची आहे."

"काहीतरीच!"

"खरंच. दुकानातही तेच. मानेचीच्या हातात सँपल गार लागतं, माझ्या हातात गरम. आणि बरं वाटतं ते मी रोज दाबते म्हणून. पण आजार काही दाबून जात नाही. आतलं आत चालूच आहे. तुमची बोटं बघा की, सकाळी किती वेळ मिटत नाहीत."

थोरलीने पाय काढून घेतला. "कळलं. तुझ्या मालकाने मला बोलावलं, तुला नाही बोलायला सांगितलं, ते खुपतंय तुला. जन्मभर मी पुढे आणि तू मागे, त्याचा सूड घेतेस होय गं?"

यापुढे बोलण्यात अर्थ नव्हता. पालथ्या घड्यावर पाणी.

रविवारी दुकानात खुर्च्या मांडल्या होत्या. चहाबिस्किटं होती. बहुतेक माणसं वयस्कर, सकाळी घरात नकोशी झालेली. येऊन निवांत टेकलेली. थोरली पहिल्या रांगेत. ठेवणीतले कपडे घातलेले, केस चापूनचोपून बसवलेले, आणि ओठ हलत होते. पाठ करत होती.

"आता आपल्या मावशी आपल्या हातात पट्टा देतील," मालक माइकवरून म्हणाला. "आई, बाबा, स्वतः अनुभवा. आणि मग खुद्द मावशींच्या जाऊबाई आपल्याशी बोलतील."

धाकटी निघाली. एकाच्या हातात द्यायचा, परत घ्यायचा, पुढच्याकडे जाईपर्यंत दोन्ही मुठींत धरायचा, पुन्हा द्यायचा. "अगंबाई", "खरंच की", "हे बघा, हे बघा". आदल्या दिवशी कमरेची आली नव्हती म्हणून तिने दोन्ही काउंटर सांभाळली होती, घरी जाऊन पाणी भरलं होतं, रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोटऱ्यांत गोळे येत होते. तिसऱ्या रांगेत एक काठीवाले आजोबा होते, शेजारी त्यांच्या कानाने अधू बायको. आजोबांनी पट्टा बायकोच्या गालाला लावला आणि धाकटीला विचारलं, "बाई, हिला हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. हे बनियन घेतलं तर त्या कमी करता येतील का हो?"

असं कुणी विचारलं की म्हणायचं एक ठरलेलं वाक्य होतं. 'पुष्कळांना फरक पडलाय, आजोबा.' धाकटीने तोंड उघडलं. वाक्य काही येईना. खोटं बोलायलाही अंगात थोडं त्राण लागतं, आणि तेवढंही तिच्यात शिल्लक नव्हतं. आजोबांच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. ती त्यावर बसली. बसल्यावर तिला इतकं बरं वाटलं की आता कुणी उठवलं तरी उठायचं नाही असं तिने ठरवून टाकलं.

"आजोबा, तुमचा रुमाल द्या जरा."

त्यांनी दिला. तिने तो घडी करून मुठीत धरला, थोडा वेळ तशीच बसली आणि परत दिला.

"अरे! हाही गरम!"

"कापडाचं कापड जाणे," धाकटी म्हणाली. "आता जे गरम लागलं ते माझ्या हातांनी. माझे हात असेच आहेत पहिल्यापासून. गोळ्या कमी करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नका."

ती हे अगदी हळू म्हणाली होती. पण आजीबाईंना ऐकू गेलं नाही. "काय म्हणतात त्या?"

"हात!" आजोबा ओरडले.

"काय?"

"हात गरम आहेत म्हणे बाईंचे! पट्टा नाही, हात!"

पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं. मालकाने लगेच माइक उचलला, "मावशींना विनोदाची फार हौस!" पण पुढची माणसं पट्टा उलटा करून करून बघू लागली होती, आणि दोघीतिघी स्वतःच्याच तळव्यांत तो धरून गरम होतो का ते तपासत होत्या.

थोरली उठली. काठी घेतली, पर्स घेतली. मालक माइक पुढे करत म्हणाला, "आई, आई, आपला अनुभव?"

"माझा अनुभव माझ्यापाशी," थोरली म्हणाली आणि बाहेर पडली.

धाकटी मागोमाग गेली. बसस्टॉपवर थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली, "चारचौघांत नाक कापलंस माझं."

"तुम्ही बोलून बसला असतात मग, जाऊबाई..."

"काय बोलणार होते ते ठाऊक आहे तुला? गोळ्यांचं शेवटी होतं. आधी तुझं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा लोकांत तुझं कौतुक करायला निघाले होते मी." आणि बस आली तेव्हा तिने धाकटीचा आधार घेतला नाही, कंडक्टरचा घेतला.

मालक ओरडला नाही की भांडला नाही. दुसऱ्या दिवशी दारातच म्हणाला, "मावशी, तुम्ही दमलाय. विश्रांती घ्या. कधी यायचं ते मी कळवतो." त्याने कळवलं नाही, आणि धाकटीनेही विचारलं नाही. मानेची एकदा रस्त्यात भेटली. म्हणाली, "तू गेलीस आणि सँपल पुन्हा माझ्या गळ्यात. साखरपेऱ्याने आता काउंटरखाली गरम पाण्याची पिशवी ठेवलीये. माझी बोटं भाजतात, मेली!"

घरात अबोला. धाकटी दिवसभर घरी, आणि दोन खोल्यांत दोघी एकमेकींना वळसे घालत होत्या. गोळ्यांची पाकिटं तिने थोरलीच्या उशाशी ठेवली, थोरलीने ती फडताळात परत ठेवली. नी-कॅप मात्र ती स्वतःची स्वतः चढवायची, दातओठ खाऊन, वाकड्या बोटांनी ओढत. धाकटी पुढे झाली की म्हणायची, "लांब. पट्ट्याचं काम पट्टा करील." पट्टा आपलं काम करत असेल, नसेल, देव जाणे, गुडघा मात्र फुगत चालला. मग मनगटं सुजली. रात्री कण्हण्याचा आवाज यायचा, आणि धाकटी भिंतीकडे तोंड करून तो ऐकत पडायची. उठून जावं तर थोरली कण्हणं गिळून टाकायची. धाकटीच्या मनात यायचं, आपण हे सगळं केलं ते कशासाठी? ही तर तशीही गोळी घेत नाही. पण मग तिला आठवायचं की अजून ही कुणासमोर काही बोललेली नाही. दार लोटलंय, कडी लागलेली नाही. तेवढ्यावर ती धीर धरून होती.

एका सकाळी न्हाणीघरातून हाक आली. नाव नाही, काही नाही.

"अगं ए. नळ."

धाकटी धावली. थोरली स्टुलावर बसली होती, साबण अंगावर वाळलेला, आणि दोन्ही हात नळावर. नळ फिरत नव्हता. उठताही येत नव्हतं. ती कधीची तशी बसून होती कोण जाणे. हाक मारायचा धीर होईपर्यंत वेळ गेला असणार. धाकटीने नळ सोडला, तिच्या अंगावर पाणी घातलं, टॉवेल गुंडाळला.

"डॉक्टरीणबाई असतात का गं आज?" थोरलीने टॉवेलाच्या आतून विचारलं.

दवाखान्यात गर्दी होती, आतला दरवाजा उघडाच. डॉक्टरीणबाईंनी गुडघा बघितला, बोटं एकेक करून हलवून बघितली आणि चष्मा काढला. "गोळ्या बंद होत्या?"

थोरलीने दाराकडे बघितलं. दारात नर्स होती, नर्सच्या मागे दोन बायका माना पुढे करून ऐकत होत्या. थोरलीने काठी उचलली आणि धाकटीकडे रोखली.

"ही! हिला विचारा. हिनेच तो पट्टा आणला, हिनेच रोज बांधला. मला म्हातारीला काय कळतंय? ही म्हणाली तसं केलं."

डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. "अहो, तुम्ही बरोबर असता ना यांच्या? एवढं समजावलं होतं तुमच्यासमोर. जाहिरातींच्या नादी लागून माणसाचे सांधे घालवता?"

दारातली एक बाई दुसरीला म्हणाली, "घरचीच माणसं अशी असतात बघा."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरली छताकडे बघत होती. चारचौघांत बोलून झालं होतं. आता हे असंच राहणार होतं, जिन्यातल्या शेजारणीपर्यंत जाणार होतं, मुलीच्या फोनपर्यंत, आणि थोरली जगेल तोवर त्यात काना बदलणार नव्हता की मात्रा. नाही म्हणायला धाकटीला एकच वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं असतं तर थोरलीला गोळ्यांकडे परत जायची ती एक वाटही राहिली नसती.

"हो, डॉक्टर," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

"मग आता नीट लक्ष द्या. गुडघा सावरेल. उजव्या हाताची ही दोन बोटं मात्र सरळ होतील असं मी सांगू शकत नाही." मग थोरलीकडे वळून, "आजी, आता गोळ्या घ्यायच्या. घेणार ना?"

"मी कधी नाही म्हटलं?" थोरली दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मी घेणारच."

बाहेर औषधांच्या खिडकीपाशी रांग होती. मग बसस्टॉपवर बाकडं रिकामं सापडलं तेव्हा दोघी टेकल्या. औषधांची पिशवी थोरलीने मांडीवर घेतली होती. उजवा हात पिशवीवर पालथा, ती दोन बोटं आत वळलेली. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती.

"फारच बोलल्या गं तुला डॉक्टरीणबाई."

"बोलू देत."

"तू काही म्हणाली का नाहीस?"

"दमलेय मी, जाऊबाई."

थोरलीने मान हलवली, जणू हे कारण तिला पटलं. रस्त्यावरून एक बस गेली, ती त्यांची नव्हती. धाकटीला वाटत होतं की इथेच डोळे मिटावेत. उद्यापासून पुन्हा कुठे काम बघायचं, कुणाला विचारायचं, हे सगळं तिच्यापुढे होतं, आणि तिच्याने त्याकडे बघवत नव्हतं. पिशवीची खसफस झाली. थोरली डाव्या हाताने पाकिटं बाहेर काढायच्या खटपटीत होती.

"यातली जेवणाआधीची कुठली गं?"

"ती पांढरी."

"आणि ही?"

"ही रात्रीची. द्या इकडे, मी घरी गेल्यावर वेगळ्या करून ठेवते."

"असू दे माझ्याकडेच," थोरली म्हणाली आणि पिशवी घट्ट धरून बसची वाट बघत बसली.